निघण्याआधी पोचणारा माणूस

वेळापत्रक बनवणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. त्याच्या धंद्यात चूक गाडीची असते, रस्त्याची असते, ड्रायव्हरची असते, प्रवाशाची तर असतेच असते; कागदाची कधीच नसते. भाऊसाहेब शहराच्या बससेवेच्या मुख्य कचेरीत वेळापत्रकं बनवायचे. त्या शहरात एकही बस कधी त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे धावली नाही, आणि याबद्दल त्यांना बसचं फार वाईट वाटायचं.

अशा माणसाला त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ताई दोन हजार किलोमीटरवरच्या एका शहरात एकटी राहायची. तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. ती बदलायला डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा ताईने ऐन वेळी नकार दिला. कारण एकच. "धाकट्याला बघितल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही." धाकटा म्हणजे आपले भाऊसाहेब. आई गेली तेव्हा ते जेमतेम चालायला लागले होते आणि ताई शाळेत होती. ती शाळा तिने सोडली. याला भरवलं, याचं नाक पुसलं, याला शाळेत ओढत नेलं, आणि हा तिथून पळून आला की पुन्हा ओढत नेलं. एवढं करून ती दोनदा बोलावते, आणि भाऊसाहेब दोन्ही वेळा गेले नाहीत. रजा मिळाली नाही म्हणून.

रजेचं नीट सांगायलाच हवं, नाहीतर वाचक या माणसाला दगड समजतील. पहिल्या वेळी साहेब म्हणाले, नवीन वेळापत्रक लागू होतंय, आत्ता कसं सोडू? जणू जुन्या वेळापत्रकाला न जुमानणाऱ्या बसगाड्या नव्याची वाट बघत ताटकळल्या होत्या! दुसऱ्या वेळी रजा मंजूर करणारे साहेबच रजेवर होते. त्यांची रजा कोणी मंजूर केली असं विचारल्यावर सगळी कचेरी टेबलाखाली काहीतरी पडलेलं शोधायला लागली. माणसाची बहीण मरायला टेकली असताना त्याला एका सहीसाठी जिने चढउतर करायला लावणारी ही जमात. यांच्यात कोणी हृदय बसवायला निघालाच, तर आत तशी जागा ठेवली आहे का, हे आधी बघावं लागेल.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ताईला स्वच्छ सांगितलं, "आजी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. या वेळी तुम्ही नाही म्हणालात तर पुढे मी नाही म्हणेन. झडप काही तुमच्या भावासाठी थांबणार नाही."

भाऊसाहेबांनी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि उत्तर न ऐकता बाहेर आले. कचेरीत असं पूर्वी कोणी केलं नव्हतं. साहेब म्हणे बराच वेळ दाराकडे बघत बसले होते.

आता विमान. ताईच्या शहराला जायला दोन विमानं होती. एक गुरुवारी संध्याकाळी, एक शुक्रवारी सकाळी. डोकं ठिकाणावर असलेला माणूस गुरुवारचं घेईल. भाऊसाहेबांनी शुक्रवारचं घेतलं, आणि तेही डोकं चालवून घेतलं, हे त्यातलं दुर्दैव.

झालं असं, की शुक्रवारच्या विमानापुढे लिहिलं होतं: सुटणार दहा दहाला, पोचणार अकराला. भाऊसाहेबांनी जन्मभर जे केलं तेच केलं. वजाबाकी. पन्नास मिनिटं.

ताईच्या शहरातलं घड्याळ आपल्या दोन तास मागे चालतं, हे भाऊसाहेबांना पक्कं माहीत होतं. इथे अकरा तर तिथे नऊ. दर रविवारी फोन करताना ते हा हिशेब करायचे. पण विमान कंपन्या पोचण्याची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाने लिहितात, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. आणि कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यांच्या कचेरीचा पहिला नियम होता, एका वेळापत्रकाला एकच घड्याळ. सुटायची वेळ एका गावची आणि पोचायची दुसऱ्या गावची असा घोळ शुद्धीवरचा माणूस घालेलच कसा? तेव्हा ते अकरा म्हणजे आपलेच अकरा. म्हणजे ताईचे नऊ.

त्यांनी ताईला फोन लावला. "मी इथून दहा दहाला निघतो आणि तुझ्याकडे नऊला उतरतो."

"निघायच्या आधी?"

"तुझ्या घड्याळानं, ताई. पन्नास मिनिटांचा तर प्रवास. दहाला तुझ्या उशाशी हजर. तू अकराला खुशाल आत जा."

"लहानपणापासून हुशारच आहेस तू," ताई म्हणाली आणि फोन ठेवून तिने सगळ्या वॉर्डाला सांगितलं.

भाऊसाहेबांच्या राहत्या इमारतीत मात्र हुशारीला एवढी किंमत नव्हती. कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशावर भाऊसाहेबांनी आपली पोलादी पट्टी लावून दोन शहरांमधलं अंतर मोजलं होतं: सरळ रेषेत दोन हजार किलोमीटर, नकाशाच्या घडीत फाटून गेलेला थोडा मुलूख अंदाजाने धरून. ते त्यांनी समोरच्या घरातल्या विमावाल्यांना सांगितलं. विमावाले निवृत्त झाले होते, पण समोरच्याचं मरण डोळ्यांपुढे आणायची सवय सुटली नव्हती.

"दोन हजार किलोमीटर, पन्नास मिनिटांत?" विमावाल्यांनी खिशातून फोन काढला. "थांबा. इथं दोन शहरांची नावं घातली की हवाई अंतर आणि वेळ दोन्ही येतं. हे बघा. दोन तास पन्नास मिनिटं."

भाऊसाहेब हसले. लहान मुलाने विमानाला पंख का असतात विचारल्यावर हसतात तसे हसले.

"विमावाले, हा हिशेब आतल्या माणसाला कळतो. जादाचे दोन तास आहेत ना, तो राखीव वेळ. आम्हीपण घालतो. वीस मिनिटांच्या रस्त्याला पस्तीस लिहितो, म्हणजे लोक बोंबलत नाहीत. विमानवाले जरा जास्तच घाबरट दिसतात."

"पण तिकिटावर तर पन्नासच मिनिटं पडतात म्हणता."

"तिथं खरं लिहावं लागतं."

विमावाल्यांनी फोन खिशात ठेवला. तळमजल्यावरच्या मावशी तेवढ्यात जिन्यात येऊन थांबल्या होत्या. त्या स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण त्यांचा भाचा बसला होता, आणि त्या जोरावर त्यांनी आजवर निम्म्या इमारतीला सल्ले दिले होते.

"माझा भाचा तिकडंच गेला होता," मावशी म्हणाल्या. "त्याला जेवण दिलं, आणि वर अख्खा सिनेमा बघून झाला त्याचा."

"सिनेमा छोटा असेल," भाऊसाहेब म्हणाले.

"हिरो म्हातारा होऊन मेला म्हणे शेवटी."

"मध्यंतरानंतरचा लावला असेल हो."

भाऊसाहेबांची बायको दारात उभी राहून हे ऐकत होती. ती शाळेत शिकवायची, परीक्षा चालू असल्यामुळे तिला बरोबर जाता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आदल्या दिवशी गेलात तर काय बिघडेल?"

"पन्नास मिनिटांच्या प्रवासाला आदल्या दिवशी? उद्या भाजी आणायलाही आदल्या दिवशी निघा म्हणशील."

बायको आत गेली. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला पंधरावीस वेळा हरवलं असतं, पण हरल्यावर तो जेवत नसे, आणि अन्न टाकायचं तिच्या जिवावर यायचं.

मावशींनी मात्र जाता जाता एक सल्ला गळ्यात मारलाच. विमानतळावर बूट काढायला लावतात, तेव्हा नाडीचे बूट घालायचे नाहीत. भाऊसाहेबांकडे बिननाडीचे बूट नव्हते. विमावाल्यांनी आपले दिले. ते दोन बोटं मोठे होते. त्या बुटांतून भाऊसाहेब चालायला लागले, की त्यांच्या मागून आणखी कोणीतरी टाळ्या वाजवत येतंय असं वाटायचं.

शुक्रवारी सकाळी असे टाळ्या घेत भाऊसाहेब विमानतळावर शिरले. तपासणीच्या जागी त्यांची पिशवी अडवली. आत पोलादी पट्टी सापडली.

"हे काय?"

"पट्टी."

"कशाला?"

"नकाशा आहे बरोबर. वाटेत बघत जाईन, कुठवर आलो ते."

तपासणीवाल्याने वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठ म्हणाला, एका ठरावीक लांबीपेक्षा मोठं धारदार काही नेता येत नाही, मोजा. मग दोघं मोजायला पट्टी शोधू लागले. सगळे खण उघडले. शेवटी भाऊसाहेबांनीच पट्टीकडे बोट दाखवलं. त्या दोघांनी पट्टी तिच्याच शेजारी धरून मोजायचा मनापासून प्रयत्न केला, आणि ते जमेना तेव्हा जप्त केली. ज्या वस्तूने अख्ख्या शहराची वाहतूक चालवली, निदान कागदावर तरी चालवली, ती भाऊसाहेबांच्या डोळ्यांदेखत एका प्लॅस्टिकच्या टोपलीत पडली, नखं कापायच्या कात्र्यांच्या ढिगावर.

विमानात त्यांची जागा मधली. शेजारी एक भला थोरला फर्निचरवाला. दोन खुर्च्यांमधल्या दांड्यावर त्याचं कोपर आधीच मुक्कामाला होतं. भाऊसाहेबांनी आपलं कोपर नेऊन टेकवलं. फर्निचरवाल्याने रेटलं. यांनीही रेटलं. विमान वर जाईपर्यंत दोघंही समोर बघत, हे युद्ध लढत होते.

"पन्नास मिनिटं तर आहेत," शेवटी भाऊसाहेब म्हणाले. "तेवढी काढा आवरून."

फर्निचरवाल्याने त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. आणि तेवढ्यात वर आवाज झाला. कॅप्टनसाहेब बोलत होते. हवा चांगली आहे. आपला प्रवास दोन तास पन्नास मिनिटांचा आहे.

भाऊसाहेब ताडकन उठले. पट्टा बांधलेला होता, त्यामुळे अर्धेच उठले आणि पोटातून दुमडून परत खाली आले. तरी त्यांनी हात वर केला. "चूक! चूक आहे ती! बाई, इकडे या जरा!"

एक बाई आली. हवाई सुंदरी म्हणतात त्यांना. ही सुंदर होती की नाही हे बघायला भाऊसाहेबांना सवड नव्हती, पण शहाणी होती.

"तुमच्या ड्रायव्हरला सांगा, त्यांनी चुकीचा कागद वाचला. दहा दहा ते अकरा, पन्नास मिनिटं होतात."

"अकरा तिथले, काका."

"तिथले म्हणजे?"

"आपण उतरतो तिथल्या घड्याळातले. तिथं घड्याळ दोन तास मागं आहे ना."

"ते मला माहितेय!" भाऊसाहेब ओरडले. आणि ओरडता ओरडताच त्यांना खरोखर माहीत झालं.

माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो म्हणतात, तो कुठे जातो ते फर्निचरवाल्याने त्या दिवशी पाहिलं. तो सगळा कानांत गेला. भाऊसाहेब पांढरेफटक आणि कान लालभडक. अकराला विमान उतरणार, आणि अकरालाच ताईला टेबलावर जायचं. धाकट्याला बघितल्याशिवाय ताई चढणार नाही; तिचं नाही म्हणजे नाही. आणि डॉक्टरांचं नाही म्हणजे नाही. या दोन नाहींच्या मधोमध भाऊसाहेब आभाळात पट्टा बांधून बसले होते आणि खाली उतरायला थांबा नव्हता.

ते रडायला लागले. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. नाक पुसायला रुमाल काढावा तर तो पिशवीत, पिशवी वर.

फर्निचरवाल्याने दांड्यावरून आपलं कोपर काढून घेतलं. "घ्या हो," तो म्हणाला. "सगळा घ्या."

मग हुंदक्यांतून, वाकडीतिकडी, सगळी हकिगत बाहेर आली. ताई, झडप, दोनदा नाही, नऊला पोचतो म्हणून दिलेला शब्द. बाई पायऱ्या पुसायला वाकल्यासारखी खाली वाकून ऐकत होती. हसली नाही. फर्निचरवाला मात्र 'निघायच्या आधी पोचणार होतो' इथे जरासा हसला आणि लगेच खोकला काढला, तोही बेताचा.

"तुमच्या ड्रायव्हरला म्हणावं, जरा दाबा," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाच लाज वाटली. हेच वाक्य बसमध्ये बोलणाऱ्या प्रवाशांवर त्यांनी एकदा परिपत्रक काढलं होतं.

बाई पुढे गेली. परत आली तेव्हा तिच्या आवाजात कामाची घाई होती. "काका, दवाखान्याचं नाव, ताईंचं नाव सांगा. खाली निरोप गेला की तिथली आमची माणसं दवाखान्यात फोन करतील. आणि कॅप्टननी सरळ वाट मागितलीय."

"म्हणजे विमान सरळ जात नाही?"

"नाही हो. ठरलेल्या जागांवरून वळसे घेत जावं लागतं. त्यांनी खाली विचारलं, एक वळसा सोडू का. खालून हो म्हणाले. दहाएक मिनिटं वाचतील."

दोन हजार किलोमीटरची ती सरळ रेघ नकाशावर फक्त भाऊसाहेबांनीच मारलेली होती तर. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात 'खालून हो म्हणाले' एवढंच राहिलं. खाली कुठेतरी कानाला यंत्र लावून बसलेला एक माणूस. तोंड ना पाहिलेलं, नाव ना ठाऊक. त्याला एका परक्या माणसाच्या परक्या बहिणीसाठी विचारलं, आणि तो हो म्हणाला. अर्ज आणा म्हणाला नाही. वर विचारून सांगतो म्हणाला नाही. जेवायला गेलेला नव्हता. भाऊसाहेबांनी आपल्या साहेबांना त्या खुर्चीत बसवून पाहिलं, तर विमान अजून आकाशात घिरट्याच घालत होतं.

उतरल्यावर बाईने सगळ्यांना सांगितलं, एका प्रवाशाला तातडीने जायचंय, कृपया बसून राहा. भाऊसाहेबांनी मनात म्हटलं, झालं. गाडी थांबायच्या आत दाराशी लोंबकळणारी माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती. पण एकही उठला नाही. लोकांनी गुडघे आत ओढून घेतले. भाऊसाहेब निघाले, आणि पाचव्या पावलाला डावा बूट मागे राहिला. ते तसेच पुढे धावले. दाराशी पोचले तेव्हा मागून हाक आली आणि वळून बघतात तर विमावाल्यांचा बूट माणसांच्या हातांवरून, रांगेमागून रांग ओलांडत, डोक्यांवरून पुढे येत होता. शेवटच्या आजोबांनी तो दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "सावकाश जा हो," आजोबा म्हणाले. असं आजवर भाऊसाहेबांना कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्यामुळे सगळे सावकाशच जायचे.

बाहेर टॅक्सीसाठी ही रांग. फर्निचरवाला धापा टाकत मागून आला. "चला, माझा टेम्पो आलाय. माल पोचवायला निघालाय, मला वाटेत घेणार होता. तुमचा दवाखाना वाटेतच."

टेम्पोत पुढे दोघांचीच जागा, ड्रायव्हर आणि फर्निचरवाला. आणि फर्निचरवाला म्हणजे खरं तर एकटाच दोघं. मागे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला तीन जणांचा सोफा. भाऊसाहेब त्यावर बसले. नाही, सटकले. पुन्हा बसले. आणि बससेवेचे वेळापत्रक अधिकारी, ज्यांनी लोकांना आयुष्यभर उभं राहून प्रवास करायला लावला, ते भर रहदारीत उघड्या टेम्पोत सोफ्याचे दोन्ही हात घट्ट धरून, नवरदेवासारखे मिरवत निघाले. चौकात एक बस शेजारी येऊन थांबली. खिडकीतल्या माणसांनी त्यांच्याकडे बघून हात हलवले. भाऊसाहेबांनीही हलवला. अब्रू म्हणून जे काही असतं ते तपासणीच्या टोपलीतच राहिलं होतं.

दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात केला. "फर्निचर मागच्या गेटनं."

"मी पेशंटचा भाऊ आहे!"

"सोफा?"

"सोफा नाही! मी!"

फर्निचरवाल्याने खिडकीतून डोकं काढून पहारेकऱ्याला काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. भाऊसाहेबांनी उडी मारली, दोन्ही बूट हातात घेतले आणि मोज्यांनिशी पळत सुटले. फर्निचरवाल्याचे आभार मानायचे राहून गेले. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

वॉर्डच्या दारात नर्सने त्यांना अडवलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. घामाघूम, मोजे काळे, हातात बूट.

"पन्नास मिनिटं तुम्हीच का?"

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून माना वळल्या. भाऊसाहेबांना आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटायला वेळ नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते.

"गेली का ताई? नाही म्हणाली का? डॉक्टर काय म्हणाले?"

"ओरडू नका. त्या बघा."

ताई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. पूर्वीपेक्षा निम्मी झाली होती. भाऊसाहेब जाऊन समोर उभे राहिले. दोन हजार किलोमीटर तोंडातल्या तोंडात घोकलेली सगळी माफी एकदम विसरून गेले.

"बूट कोणाचे?" ताईने विचारलं.

"शेजाऱ्यांचे."

"घाल ते. फरशी गार आहे."

त्यांनी बूट घातले. मग ताईच्या पायाशी बसून तिचा हात धरला, आणि ताईने काय झालं ते सांगितलं. निरोप पोचला तेव्हा तिला न्यायला माणसं आली होती. ती म्हणाली, मी जाणार नाही. डॉक्टर आले, चिडले. त्यांचंही बरोबर होतं. म्हणाले, आता रद्द. तेव्हा शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले. पोहायला शिकवणारे मास्तर, तीन वाजता त्यांची पाळी होती. ते म्हणाले, "आजींच्या जागी मला घ्या. मला काय, तीन काय आणि अकरा काय." डॉक्टरांनी थोडा विचार केला, दोनतीन फोन केले आणि मास्तरांना आत नेलं. तीनला ताई.

भाऊसाहेबांनी शेजारची खाट पाहिली. चादर अजून चुरगळलेली होती. उशीवर डोक्याचा खळगा.

"कोण आहे त्यांचं?"

"मुलगी. दोनला येणार होती," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. "तिला भेटून आत जायचं होतं त्यांना."

त्यानंतर दोन वाजेपर्यंत भाऊसाहेब तोंड उतरवून त्या खाटेकडे बघत बसले. ताईला वाटलं, याला भूक लागली असेल.

मुलगी आली. तिशीची, खांद्याला पिशवी, टपाल कचेरीतून तशीच निघून आलेली. रिकामी खाट बघून दारातच थबकली. नर्स सांगायला पुढे झाली, पण भाऊसाहेबांनी तिला थांबवलं. चूक त्यांची होती, तेव्हा सांगायचीही त्यांनीच. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेले नियम तर सगळे उलटेच होते.

"मी... माझ्यामुळे तुमचे वडील आधी आत गेले. माझा हिशेब चुकला."

मुलीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "बाबांनी जाताना फोन केला होता मला," ती म्हणाली. "म्हणाले, इथल्या एका बाईंचा भाऊ निघायच्या आधी पोचतो म्हणे. असा माणूस बघितल्याशिवाय मी काही मरत नाही, तू काळजी करू नको."

भाऊसाहेबांना हसावं की काय करावं कळेना.

"मला राग आला तुमचा," मुलगी म्हणाली. "अजून आहे."

"असू द्या," भाऊसाहेब म्हणाले. "बरोबर आहे तो."

तीन वाजता ताईला नेलं. चाकांच्या खाटेवरून जाताना तिने वळून एकदा धाकट्याकडे पाहिलं, नीट, जसं शाळेच्या फाटकात सोडून जाताना पाहायची, हा पुन्हा पळून येणार हे माहीत असल्यासारखं. मग दार मिटलं. भाऊसाहेब आणि मास्तरांची मुलगी एकाच बाकावर बसले. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये राग. आभार कसे मानतात ते भाऊसाहेबांना येत नव्हतं. कचेरीत कोणी कोणासाठी काही करतच नसे, त्यामुळे सराव नव्हता. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग उठून तिच्यासाठी चहा आणला. तिने घेतला नाही. त्यांनी तो मध्ये ठेवला आणि स्वतःही प्याले नाहीत. तासाभराने डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा कपडा खाली करून मुलीला म्हणाले, "मास्तर झकास आहेत." मुलगी उठली, पुन्हा बसली, आणि तो गार चहा एका घोटात प्याली.

डॉक्टर दुसऱ्या खोलीकडे वळले. आता भाऊसाहेबांची वाट बघायची पाळी. मुलीचं काम झालं होतं, तिला वडिलांना काचेतून बघायला जायचं होतं. ती गेली, आणि पाच मिनिटांत परत येऊन बाकावर बसली. या वेळी टोकाला नाही. ताई बाहेर येईपर्यंत ती तिथेच होती.

ताईची झडप बसली. नवी झडप, डॉक्टर म्हणाले, घड्याळासारखी चालेल. भाऊसाहेबांनी त्यांना हात जोडले, पण घड्याळाचा विषय वाढवला नाही.

चौथ्या दिवशी ताई आणि मास्तर दोघंही वॉर्डात परतले. मास्तर दांडगे होते, पण आत्ता छातीवर पट्ट्या, आणि त्यावर एक उशी घट्ट धरलेली. खोकला आला किंवा हसू आलं तर उशी दाबून धरायची असते, नाहीतर टाके ओढतात. भाऊसाहेब ताईसाठी पाणी घेऊन आले, तेव्हा मास्तरांनी बोटाने बोलावलं.

"हाच का?" त्यांनी मुलीला विचारलं.

"हेच."

मास्तरांनी भाऊसाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पुढून पाहिलं, मग जरा वळा म्हणाले, बाजूने पाहिलं. पोहायला आलेल्या नवशिक्याला पाहतात तसं.

"वेग काही दिसत नाही अंगावर," मास्तर म्हणाले.

वॉर्ड खिदळला. ताईसुद्धा. भाऊसाहेब मान खाली घालून उभे होते. चार दिवस त्यांनी आभाराचं एक वाक्य जुळवलं होतं. चांगलं होतं, छापण्यासारखं होतं. ते तोंडाशी आलं आणि त्यांना दिसलं, की या माणसाला ते नको आहे. याला दुसरंच काहीतरी हवं आहे, ज्यासाठी तो जिवंत बाहेर आला म्हणतो. आणि ते देण्यासारखं जगात फक्त भाऊसाहेबांकडे आहे.

त्यांनी स्टूल ओढलं. मास्तरांच्या उशाशी बसले.

"सगळं सांगू?"

"त्यासाठीच तर बोलावलं."

नर्स लगबगीने आली. "पेशंटना हसवायचं नाही हं. टाके आहेत."

"मग नको सांगू?"

नर्सने दोन्ही खाटांकडे पाहिलं. मास्तरांची उशी आधीच घट्ट झालेली. ताईनेही आपली उशी छातीशी घेऊन ठेवलेली.

"सांगा," ती म्हणाली, "पण हळू सांगा."

"विमान दहा दहाला सुटणार होतं," भाऊसाहेबांनी सुरुवात केली, "आणि अकराला पोचणार होतं. तेव्हा मी, म्हणजे माझ्यासारखा हुशार माणूस, काय म्हणतो..."

"काय म्हणतो?" मास्तर उशी दाबत म्हणाले.

भाऊसाहेबांनी एकही चूक वगळली नाही. सांगत सांगत सोफ्याशी आले तेव्हा मास्तर डोळ्यांतून पाणी काढत "थांबा, थांबा" म्हणत होते, आणि श्वास परत आला की पुन्हा "हं, मग?" म्हणत होते.